दुकान गावाच्या मालकीचे, मग पीठ महाग का?

कॅनडाच्या उत्तर टोकाकडील इन्युइट या मूळ रहिवाशांच्या गावांविषयी वाचताना एका वाचकाला पडलेला प्रश्न असा आहे : तिथल्या अनेक गावांत किराणा दुकान सहकारी तत्त्वावर चालते, गावकरीच त्याचे सभासद असतात, सरकार अनुदानही देते, आणि तरीही दुधापिठाचे भाव दक्षिणेतील शहरांच्या दुपटीतिपटीने असतात, हे कसे? मग सहकाराने नेमके साधले काय? आणि दुर्गम भागात अशी व्यवस्था नव्याने उभारायची असेल तर आधी हात कशाला घालावा? अशा दुकानांसाठी मालाची खरेदी आणि वाहतूक पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. उत्तर थोडे लांबणार आहे आणि त्याची सुरुवात दुकानातून न होता समुद्रावरून होणार आहे, कारण तिथल्या दुकानातला भाव बऱ्याच अंशी समुद्रावरच ठरतो.

यांतली बरीच गावे ज्यात येतात तो कॅनडाचा नुनावुत हा प्रदेश सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचा आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३६,८५८ होती आणि ही सारी माणसे २५ गावांत विखुरलेली आहेत. या २५ पैकी एकही गाव दुसऱ्या गावाशी किंवा दक्षिण कॅनडाशी रस्त्याने जोडलेले नाही. प्रत्येक गावाची वीज त्याच गावातल्या डिझेल जनित्रावर तयार होते, त्यामुळे दुकानातला शीतकपाट चालवण्याचा खर्चसुद्धा शेवटी बोटीने आलेल्या डिझेलचाच खर्च असतो. समुद्र साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच काळ मोकळा असतो. उरलेले आठ महिने माल विमानानेच येतो, आणि एकदोन ठिकाणे सोडली तर धावपट्ट्या खडीच्या असल्यामुळे हवे ते विमान तिथे उतरवता येत नाही.

उन्हाळ्यातल्या त्या बोटींना तिथे सगळे ‘सीलिफ्ट’ म्हणतात. क्विबेकमधल्या व्हॅलीफील्डसारख्या बंदरात माल लाकडी खोक्यांत आणि कंटेनरांत भरला जातो. बहुतेक गावांना धक्का नसल्यामुळे जहाज खोल पाण्यात नांगर टाकते, जहाजावरूनच आणलेले पडाव पाण्यात सोडले जातात, आणि छोटी टगबोट ते ढकलत किनाऱ्याला लावते. हे काम भरतीच्या वेळेवर चालते. नुनावुतची राजधानी इकालुइट इथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणून २०२३ मध्ये तिथे खोल पाण्याचे बंदर सुरू होईपर्यंत राजधानीचा मालसुद्धा असाच उतरत असे. किनाऱ्यावर लोडर उभा असतो, पाण्यातून वर आलेल्या चिखलातच त्याची चाके फिरत असतात, आणि दुकानाचा माणूस हातात यादी घेऊन एकेका खोक्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचत असतो. हंगामाच्या सुरुवातीला पहाटेचे तीन वाजले असले तरी उजेड असतो, आणि भरती तीनची असेल तर काम तीनलाच होते. नंतर रिकामी झालेली खोकी कोणी टाकून देत नाही. त्यांच्या प्लायवूडमधून शिकारीच्या वाटेवरच्या झोपड्या उभ्या राहतात.

या बोटीचे भाडे १००० किलो किंवा २.५ घनमीटर यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारले जाते. साखर, पीठ, तांदूळ, डबाबंद पदार्थ हे वजनाने मोजले जातात; टॉयलेट पेपर, बाळांचे डायपर, बटाट्याचे वेफर हे आकारमानाने. विमानाच्या भाड्याशी तुलना केली तर बोट कितीतरी स्वस्त पडते, आणि न नासणारा प्रत्येक डबा बोटीने आणणे हेच या धंद्यातले पहिले शहाणपण आहे. दूध, फळे, भाज्या, अंडी यांना मात्र विमानाशिवाय पर्याय नाही, आणि त्यातही हवामान बिघडले तर विनिपेग किंवा ऑटावा या दक्षिणेतल्या शहरांतून निघालेली केळी मधल्या विमानतळावर दोन दिवस पडून राहतात. उणे तीस अंशांत धावपट्टीवर अर्धा तास उघडी राहिलेली भाजी काळी पडते. ती फेकून द्यावी लागते, आणि तिच्या भाड्याचा बोजा उरलेल्या भाजीवर पडतो.

इथवरचे बहुतेकांना अंदाजाने कळते. ज्याचा अंदाज येत नाही ती गोष्ट पैशाची आहे. बोटीची मागणी वसंतात नोंदवायची, माल ऑगस्टमध्ये उतरवायचा, आणि तो पुढच्या ऑगस्टपर्यंत विकत राहायचा. शहरातला दुकानदार पिठाचे पोते आणतो, आठवड्यात विकतो आणि त्याच पैशांतून पुढचे पोते आणतो. इथे वर्षाचे सगळे पीठ एकदम विकत घ्यावे लागते आणि शेवटच्या पोत्याचे पैसे सुटायला पंधरा महिने लागू शकतात. त्या काळातले व्याज, उबदार गोदामाचे भाडे, मुदत संपून वाया गेलेला माल, हे सारे त्या पोत्यावर चढते. म्हणजे दूर गावातल्या सहकारी दुकानाची खरी अडचण खेळत्या भांडवलाची आहे. ज्या संस्थेकडे वसंतात पैसे नसतात तिला तेच पीठ जानेवारीत विमानाने आणावे लागते. दोन पोती शेजारी ठेवली तर दिसायला सारखीच दिसतात, पण एक बोटीने आलेले असते आणि दुसरे विमानाने, आणि ‘महाग का’ याचे निम्मे उत्तर त्या दोन पोत्यांतल्या फरकात आहे.

यात माझी स्वतःची एक चूक सांगण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात एका गावासाठी डायपरची वार्षिक मागणी मी मागच्या वर्षीच्या विक्रीवरून काढली. आकडा व्यवस्थित होता, त्यावर पाच टक्के वाढही धरली होती. फेब्रुवारीत माल संपला आणि उरलेले महिने विमानाने आणलेल्या डायपरवर काढावे लागले. हलका पण फुगीर माल, त्यामुळे त्याचा भाव सांगायचीही लाज वाटत होती. नंतर जुनी रजिस्टरे काढून पाहिली तेव्हा कळले, की त्याच्या आदल्या वर्षीही माल जानेवारीतच संपला होता. संगणकाला दिसली ती विक्री लोकांच्या गरजेची नव्हती, आमच्या साठ्याची होती. जो माल संपतो त्याची विक्री कमी दिसते, म्हणून पुढच्या वर्षी तो पुन्हा कमी मागवला जातो, आणि हे चक्र कोणी मोडेपर्यंत चालते. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंना हे ठाऊक होते. गावात त्या वर्षी किती बाळे जन्मणार आहेत तेही त्यांना ठाऊक होते. त्यांना विचारावे असे विनिपेगमध्ये बसलेल्या मला सुचले नव्हते, एवढेच. त्यानंतर मी मागणीपत्रात एक रकाना वाढवला : माल कोणत्या महिन्यात संपला.

आता सहकार तिथे आला कसा, ते पाहू. त्याआधीची व्यवस्था फरच्या व्यापाराची होती. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीची ठाणी विसाव्या शतकात आर्क्टिकभर पसरली. पांढऱ्या कोल्ह्याची कातडी द्यायची आणि बदल्यात बंदुकीची काडतुसे, चहा, पीठ न्यायचे, असा तो व्यवहार होता. कातड्याचा भाव आणि पिठाचा भाव असे दोन्ही भाव एकाच गल्ल्यामागे बसलेला एकच माणूस ठरवत असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले आणि शिकारी कुटुंबांच्या हाती विकण्याजोगे काही उरले नाही. १९५९ मध्ये नुनाविक या क्विबेकच्या उत्तरेकडील इन्युइट भागातल्या कांगिक्सुआलुज्जुआक येथे आर्क्टिक चार या माशाच्या मासेमारीसाठी आणि नुनावुतमधल्या बॅफिन बेटालगतच्या किनगाइत येथे मुद्राचित्रे व शिल्पे यांसाठी सहकारी संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे या संस्था जन्मल्या त्या विकण्यासाठी. किराणा नंतर आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण संस्थेच्या तिजोरीत बाहेरून पैसा आल्यावरच गावाला बाहेरून माल आणण्याची ताकद आली. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदी घातली. इन्युइट शिकारी ती पिल्ले मारतच नव्हते, तरीही सगळ्याच सीलच्या कातड्यांचा बाजार बसला. अशा पडझडीत ज्या गावांकडे शिल्पे आणि चित्रे विकणारी संस्था होती त्यांच्याकडे निदान कमाईचा एक दुसरा रस्ता शिल्लक होता.

एकट्या गावाच्या संस्थेला मात्र बोट भरता येत नाही आणि बँकही दारात उभी करत नाही. म्हणून महासंघ झाले. नुनाविकच्या संस्थांनी १९६७ मध्ये आपला महासंघ स्थापन केला, आणि आज तिथल्या चौदाही गावांत त्याच्या सभासद संस्था आहेत. पुढे १९७२ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीज या शेजारच्या प्रदेशाच्या राजधानीत, यलोनाइफला, आणखी एक महासंघ झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो शिल्पविक्री करणाऱ्या संघटनेत विलीन होऊन आर्क्टिक को-ऑपरेटिव्ज तयार झाली. तिचे मुख्य कार्यालय विनिपेगला आहे आणि नुनावुत, नॉर्थवेस्ट टेरिटरीज व युकॉन मिळून तीसच्या आसपास संस्था तिच्या सभासद आहेत. या महासंघाची मालकी गावच्या संस्थांकडे आहे. घाऊक खरेदी, हिशेबतपासणी, व्यवस्थापकांची भरती ही कामे तो करतोच, पण माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम १९८६ मध्ये सुरू झालेला विकास निधी हे आहे. संस्थांनी आपल्याच पैशातून एकमेकींना वसंतात कर्ज द्यायचे आणि बोटीचा माल विकला गेला की परत घ्यायचे, ही त्यामागची कल्पना आहे. बोटवाहतुकीच्या एका कंपनीतही महासंघ भागीदार आहे. जे भाडे एरवी केवळ खर्च म्हणून बाहेर गेले असते त्यातला काही हिस्सा त्यामुळे नफा होऊन परत येतो. याखेरीज गावोगावच्या संस्था हॉटेल चालवतात, घरोघर इंधन पोहोचवण्याचे कंत्राट घेतात, केबल टीव्ही देतात, विमान कंपन्यांचे काम पाहतात, स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या विकतात. किराण्यात फारसे काही सुटत नाही. ताळेबंद तरतो तो पुष्कळदा हॉटेल आणि इंधन यांवर.

मग सभासदाच्या पदरी काय पडते? प्रत्येकाला एकच मत असते, त्याची खरेदी कितीही असो. वर्षअखेरीस वाढावा उरला तर तो ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत दिला जातो. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ : एखाद्या कुटुंबाने वर्षात २०,००० डॉलरची खरेदी केली आणि संस्थेने चार टक्के परतावा जाहीर केला, तर ८०० डॉलर होतात, त्यातले २०० हातात मिळतात आणि ६०० त्या कुटुंबाच्या नावे भांडवलखात्यात राहतात. ते ६०० डॉलर पुढच्या वर्षीच्या बोटीचे खेळते भांडवल असतात. हातात येणारी रक्कम लहान असल्यामुळे सभेत त्यावर कुरकुर होते, आणि ती रास्त आहे, कारण ज्याच्या घरात मार्चमध्ये पीठ नाही त्याला भांडवलखात्याचे कौतुक कसे असणार? पण तोच पैसा साखळी दुकानाच्या नफ्यात गेला असता तर तो गावात राहिलाच नसता.

याहून मोठा, पण सहसा कोणी न मोजलेला फायदा वेगळा आहे. सरकारी नोकरीत असलेली कुटुंबे आपापली वर्षाची खरेदी स्वतःच बोटीने मागवतात. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड असते, एकदम काही हजार डॉलर भरण्याची ऐपत असते आणि खोकी ठेवायला जागाही असते. जे भत्त्यावर जगतात, ज्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आठजण राहतात, त्यांना ते जमत नाही आणि त्यांना प्रत्येक डबा दुकानातूनच घ्यावा लागतो. सहकारी दुकानाने माल बोटीने मागवला तरच बोटीचा स्वस्तपणा या लोकांपर्यंत पोहोचतो. म्हणून एखादे दुकान कसे चालले आहे हे ताडायचे असेल तर दुधाचा भाव मी शेवटी पाहतो. आधी पाहतो ते हे, की कोरड्या मालातला किती हिस्सा बोटीने आला आणि किती विमानाने.

अनुदानाबद्दल थोडक्यात. टपालखात्यामार्फत चालणारी जुनी ‘फूड मेल’ योजना बंद करून १ एप्रिल २०११ पासून ‘न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा’ सुरू झाली. यात अनुदान किलोमागे ठरते, गावागणिक त्याचा दर वेगळा असतो, आणि ते दुकानदाराला किंवा पुरवठादाराला दिले जाते; त्याने ते भावातून पूर्णपणे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायचे असते. पोहोचते का, याची खातरजमा संबंधित खात्याने केलेली नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०१४ मध्येच दाखवून दिले होते. पुढे अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासात दर डॉलरमागे सुमारे ६७ सेंटच भावात उतरतात आणि जिथे एकच दुकान आहे तिथे त्याहूनही कमी, असे आढळले. यातला दुसरा भाग सहकाराच्या विरोधकांनी आणि समर्थकांनीही नीट वाचायला हवा. गावात साखळी दुकान आणि सहकारी दुकान असे दोन्ही असणे गिऱ्हाइकाच्या हिताचे आहे. आणि सहकारी दुकान एकटेच असेल तर ते सहकारी आहे एवढ्याने त्याचे भाव आपोआप सरळ राहतील असे समजू नये. २०१७-१८ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत नुनावुतमधली ५७ टक्के कुटुंबे अन्नाच्या बाबतीत असुरक्षित आढळली होती. एवढी मोठी दरी दुकानाच्या भावातून भरून निघणार नाही. तिचे मूळ उत्पन्नात आणि शिकारीच्या वाढलेल्या खर्चातही आहे.

शिकारीचा उल्लेख मुद्दाम केला. कॅरिबू म्हणजे तिथले रेनडियर, सील आणि आर्क्टिक चार मासा हे तिथले खरे अन्न आहे आणि ते वाटून खाण्याची रीत अजून जिवंत आहे. दुकानाने ते विकावे की नाही यावर संचालक मंडळात तासन्‌तास चर्चा झालेली मी ऐकली आहे. एक म्हातारे संचालक म्हणाले होते, की माझ्या मुलाने आणलेला सील मी शेजाऱ्याला पैसे घेऊन दिला तर उद्या तो मला काय म्हणून हाक मारील? पण शिकारीला जायचे तर स्नोमोबाइल, पेट्रोल, काडतुसे आणि सुटे भाग लागतात, आणि हे सगळे दुकानातच मिळते. वसंतातल्या शिकारीच्या ऐन हंगामात स्नोमोबाइलचा पट्टा गावात शिल्लक नसणे, हा माझ्या लेखी दूध संपण्याइतकाच अन्नपुरवठ्याचा प्रश्न आहे. अनुदानाच्या योजनेला हे उशिरा कळले. शिकारी कुटुंबांसाठीचे साहाय्य तिच्यात २०२० पासून आले.

दोषही सांगायला हवेत. बाहेरून आलेले व्यवस्थापक दोन वर्षांत निघून जातात आणि जाताना त्यांच्या डोक्यातला हिशेबही जातो. उधारी ही सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण संचालक आणि थकबाकीदार बहुधा एकमेकांचे नातलग असतात. ज्या संस्था बुडाल्याचे मी जवळून पाहिले, त्या भावामुळे बुडाल्या नाहीत, वसुलीमुळे बुडाल्या. ताळेबंद इंग्रजीत येतो आणि सभा इनुक्टिटुट या इन्युइट भाषेत चालते, म्हणून दुभाष्याला ‘घसारा’ हा शब्द समजावून सांगण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवावी लागली तरी ती घालवावी. शिवाय काही गोष्टी कोणाच्याच हातात नसतात. मे २०१७ मध्ये पुराने हडसन उपसागरावरच्या चर्चिल बंदराकडे जाणारा लोहमार्ग वाहून गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला २०१८ ची अखेर उजाडली. २०१८ च्या शरद ऋतूत बर्फामुळे मालाचे पडाव केंब्रिज बे, कुगलुक्टुक आणि पाउलाटुक या गावांना पोहोचूच शकले नाहीत, आणि बराच माल विमानाने न्यावा लागला.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी असे सांगेन. दुकानाच्या आधी गोदाम बांधा, आणि ते थंडीत गोठणार नाही असे बांधा. पहिल्या वर्षी फक्त पीठ, साखर, तेल, चहा, डायपर आणि काडतुसे अशा वीसेक वस्तू बोटीने आणा. ताज्या भाजीच्या मागे लागू नका, कारण नासाडी झेपण्याइतके भांडवल तुमच्याकडे अजून नसेल. शेजारच्या गावांशी मिळून एकच मागणीपत्र भरा. उधारीची मर्यादा पोटनियमांत आकड्यासह लिहा, म्हणजे नातलगाला नाही म्हणण्याचे काम माणसाला करावे लागणार नाही. आणि मागणीपत्राची तारीख चुकवू नका : ती ज्या आठवड्यात येते त्या आठवड्यात बाहेर अजून सहा फूट बर्फ असते, समुद्राची आठवणही कोणाला नसते, आणि गल्ल्यावरच्या बाईंना शेजारी बसवून एकेक ओळ वाचायची वेळ नेमकी तीच असते.